पाचवीच्या वर्गातले इंग्लंडचे राजे

पुण्यात मी नऊ वर्षं इतिहास शिकवला. मराठी माध्यमाची शाळा, हातात खडू, समोर साठ मुलं. मग नवऱ्याला दुबईच्या उत्तरेला रास अल खैमा या अमिरातीत, एका टाइल्सच्या कारखान्यात क्वालिटी खात्यात नोकरी लागली आणि आम्ही इकडे आलो. माझ्या बी.एड.च्या कागदांवर शिक्के बसेपर्यंत दीड वर्ष गेलं, आणि शेवटी एका ब्रिटिश अभ्यासक्रमाच्या शाळेत मला जागा मिळाली ती असिस्टंटची. इयर फाइव्ह, म्हणजे वयानं आपली चौथी-पाचवी. पेन्सिली टोकदार ठेवायच्या, पाण्याच्या बाटल्यांवरची नावं पुन्हा पुन्हा लिहायची, कुणाचा दात पडला तर तो टिश्यूत गुंडाळून दप्तरात घालून द्यायचा. वाईट काम नव्हतं. पण इतिहासाचा तास सुरू झाला की मी मागच्या बाकाशी उभी राहून ऐकायची आणि माझे हात उगाच शिवशिवायचे.

वर्गाच्या बाई उत्तर इंग्लंडमधल्या, पस्तिशीच्या, मोठ्यानं हसणाऱ्या. जानेवारीत एके दिवशी त्यांना घरून फोन आला: आई जिन्यात पडली, खुबा मोडला. त्या तीन आठवड्यांच्या रजेवर निघाल्या. मुख्याध्यापिकेनं मला बोलावून घेतलं.

"तुम्ही इंडियात हिस्टरी शिकवायच्या ना? मग हिस्टरीचा युनिट तुम्ही घ्या. मॅथ्स, इंग्लिश आम्ही वाटून घेतो."

"कुठला युनिट आहे?"

"इंग्लंडचे सुरुवातीचे राजे. शेवटी पालकांसमोर असेंब्लीही करायची आहे."

मी हो म्हटलं आणि स्टाफरूममध्ये येऊन पाणी प्यायले. खरं सांगायचं तर माझ्या लेखी इंग्रज सुरू होत होते ते सुरतेच्या वखारीपासून. त्याआधी त्यांना काही भूतकाळ होता हे मला पुस्तकी माहीत होतं, पण कधी मनावर घेतलं नव्हतं. जणू ते थेट वखारीतच जन्माला आले, हातात तराजू घेऊन.

संध्याकाळी पुण्याला फोन केला तर आई म्हणाली, "त्यांचे राजे आपण कशाला पाठ करायचे? दीडशे वर्षं तेच केलं की."

नवरा हसून म्हणाला, "अगं, कंपनी सरकार शिकव. आपली बाजू तरी कळेल पोरांना."

मी मात्र जेवणाच्या टेबलावर वाचत बसले. आणि पहिल्याच पानावर अडखळले ती नावांना. एकामागून एक भाऊ गादीवर बसलेले, आणि बहुतेक सगळ्यांची नावं 'एथेल'नं सुरू होणारी. एथेल म्हणजे उमदा, कुलीन. जसं आपल्याकडे एखाद्या घरात सगळ्यांच्या नावाच्या शेवटी 'राव' असावं, तसं त्यांच्या नावाच्या सुरुवातीला एथेल. मी मोठ्यानं म्हणून बघत होते, तर आतल्या खोलीतून नववीतली लेक ओरडली, "आई, इट्स नॉट ए-थेल! यू आर सेइंग इट लाइक इथेनॉल!"

पहिला तास फसला. मी बाईंच्याच स्लाइड लावल्या. पडद्यावर इंग्लंडचा जुना नकाशा आला, त्यात सात रंगांची सात राज्यं. मी सुरुवात करायच्या आत एक इमिराती मुलगा गुडघ्यांवर उठून म्हणाला, "सेव्हन! लाइक अस!"

झालं. सव्वीसच्या सव्वीस पोरांनी बोटांवर आपल्या सात अमिराती मोजायला सुरुवात केली. कुणी शारजा दोनदा मोजलं, कुणी उम्म अल कुवेन विसरलं, त्यावरून भांडण झालं. एका पाकिस्तानी मुलानं नकाशाकडे बघून गंभीरपणे विचारलं, "मिस, ह्यातलं दुबई कुठलं?"

मी म्हटलं, "ह्यात दुबई नाही. हे इंग्लंड आहे."

"हो, पण ह्यांचं दुबई कुठलं?"

मी पुढची स्लाइड लावली, त्यात एथेलांची वंशावळ होती. मी दुसऱ्या भावाचं नाव तिसऱ्याला दिलं, एका ब्रिटिश मुलीनं हात वर करून अगदी सभ्यपणे ते दुरुस्त केलं, आणि मागे दोन मुलं वहीवर सिमेंटचे ट्रक काढू लागली. घंटा झाली तेव्हा मी त्यांच्याहून जास्त सुटले.

त्या दुपारी मी घरी न जाता थेट वरच्या मजल्यावर खालांकडे गेले. त्या रत्नागिरीकडच्या खाडीकाठच्या गावातल्या कोकणी मुसलमान; सगळी इमारत त्यांना खाला, म्हणजे मावशी, म्हणते. साठी ओलांडलेल्या. त्यांच्या नवऱ्यानं इथं शिलाईचं दुकान टाकलं त्याला तीसेक वर्षं झाली, आता ते मुलगा बघतो. आमच्या इमारतीत मराठी बोलणारी घरं दोनच, त्यांचं आणि आमचं. त्या तांदळाची उकड मळत होत्या.

"काय गो बाय, चेहरा का असा?"

मी ओट्याला टेकून सगळं सांगितलं. सात राज्यं, एथेल, वंशावळ. मग सांगता सांगता त्या राजाची गोष्ट निघाली, ज्याला पुढे त्यांनी थोर म्हटलं. समुद्रापलीकडून आलेल्या डेन लोकांनी एक एक करून सगळी राज्यं गिळली होती. ह्याचं एकट्याचं उरलं होतं, तेही एका हिवाळ्यात गेलं. मूठभर माणसं घेऊन तो दलदलीत पळाला. लोक सांगतात, तिथं एका गुराख्याच्या झोपडीत तो ओळख लपवून राहिला. गुराख्याच्या बायकोनं चुलीवर भाकरी टाकल्या आणि ती म्हणाली, जरा लक्ष ठेव. हा आपला बाण नीट करत, राज्याचा विचार करत बसला. भाकरी जळल्या. ती आली आणि तिनं त्याला फैलावर घेतलं.

खालांनी तव्यावरची भाकरी उलटली. "मग? तो काय म्हनला?"

"काही नाही. ऐकून घेतलं म्हणे."

"राजा हाय म्हनून सांगितलान नाय?"

"नाही."

खाला भाकरी तव्यावरून काढत म्हणाल्या, "बरा मानूस होता."

मला एकदम महाराजांची खिचडीची गोष्ट आठवली. म्हातारीच्या घरी गरम खिचडीच्या मधोमध हात घातला, पोळला, आणि म्हातारी म्हणाली, कडेकडेनं खा, तुला काही त्या राजासारखी घाई आहे का. ती मी पुण्यात दरवर्षी सांगायची, आणि साठ मुलं गप्प व्हायची. तेव्हा मला कुठे स्लाइड लागत होत्या? खालांनी पुढे केलेली गरम भाकरी, वर सुक्या जवळ्याची चटणी, मी तिथंच उभ्यानं खाल्ली. उतरताना मला उद्याचा तास स्वच्छ दिसत होता.

दुसऱ्या दिवशी मी पडदा बंद केला आणि मुलांना गालिच्यावर बसवलं. "एक राजा होता," मी म्हटलं, "आणि त्याच्याकडे काहीच उरलं नव्हतं." दलदल कशी असते ते इथल्या मुलांना सांगणं अवघड. मग एका केरळच्या मुलीनं तिच्या आजोळच्या पाणथळ शेताचं वर्णन केलं, पाय आत जातो आणि चप्पल तिथंच राहते, ते सगळ्यांना कळलं. गोष्ट संपल्यावर एकही पेन्सिल हलत नव्हती.

"ही गोष्ट खरी आहे का, मिस?"

"लोकांनी खूप नंतर लिहून ठेवली. तो दलदलीत लपला हे खरं. भाकरीचं नक्की माहीत नाही."

"मला वाटतं खरी आहे," दुबई शोधणारा मुलगा म्हणाला. "खोटी असती तर त्यांनी राजाला जिंकवलं असतं."

पुण्यातल्या नऊ वर्षांत इतिहासाच्या साधनांविषयी इतकं नेमकं मला कुणी सांगितलं नव्हतं.

तिथून गाडी रुळावर आली. तो राजा दलदलीतून कसा बाहेर पडला, माणसं कशी जमवली, लढाई जिंकून हरलेल्या शत्रूच्या सरदाराला मारून न टाकता बाप्तिस्मा देऊन धर्मपुत्र कसं मानलं, तटबंदीची गावं कशी वसवली, आणि चाळिशीच्या आसपास लॅटिन कसं शिकला. हे शेवटचं मला फार आवडलं. मीही चाळिशीच्या आसपासच होते आणि रोज सकाळी गाडीत इंग्रजी उच्चार घोकत होते.

पण माझी सगळ्यात लाडकी निघाली ती त्याची थोरली मुलगी. शेजारच्या राज्यात दिलेली. नवरा आजारी, मग तो गेला, आणि तिथल्या लोकांनी तिलाच आपली स्वामिनी मानलं. तिनं गढ्या बांधल्या, फौजा पाठवल्या, शहरं परत घेतली. आणि असं सांगतात की भावाचा मुलगा लहानपणी तिच्याच घरी वाढला. तोच पुढे सगळ्या इंग्लंडचा पहिला राजा झाला.

वर्गात मी म्हटलं, "शी वॉज हिज आंट." आणि मलाच ते अपुरं वाटलं. "आंट म्हणजे कुठली पण? वडिलांची बहीण."

मागून एक इमिराती मुलगी म्हणाली, "अम्मा!" आईच्या बहिणीला खाला आणि वडिलांच्या बहिणीला अम्मा, तिनं समजावलं. पाकिस्तानी मुलगा म्हणाला, फुप्पो. चेन्नईचा एक मुलगा म्हणाला, "अत्तै."

"आत्या!" मी जवळजवळ ओरडलेच. "आम्ही आत्या म्हणतो!"

ब्रिटिश मुलगी जरा खट्टू झाली. "आमच्याकडे का नाहीये वेगळा शब्द?"

"आता घे की ह्यातला एक," चेन्नईवाला उदारपणे म्हणाला. तिनं विचार करून अत्तै घेतला. त्या दिवसापासून आमच्या वर्गात त्या राणीचं नाव कुणी घेतलं नाही. ती सगळ्यांची अत्तै झाली.

"तो सगळ्यांचा राजा झाला ते तिनं पाहिलं?" ब्रिटिश मुलीनं विचारलं.

"नाही. त्याच्या काही वर्षं आधीच ती गेली."

"मग त्यानं तिच्यासाठी काय केलं?"

"मला माहीत नाही," मी म्हटलं. मराठी शाळेत असते तर काहीतरी ठोकून दिलं असतं.

दुसऱ्या आठवड्यात सातची मोजदाद सुरू करणारा तो इमिराती मुलगा आपल्या आजोबांना घेऊन आला. मी काही बोलावलं नव्हतं. त्यानं घरी जाऊन सांगितलं होतं की इंग्लंडचेही आपल्यासारखे सात होते, आणि आजोबांनी फर्मावलं होतं, मला त्या बाईंकडे ने. पांढराशुभ्र पायघोळ कंदुरा, हातात काठी, सुरकुतलेला हसरा चेहरा. मुख्याध्यापिकेनं घाईघाईनं खुर्ची आणवली. ते अरबीत बोलले आणि नातू इंग्रजीत सांगत गेला.

ते लहान होते तेव्हा इथून दुबईला रस्ता नव्हता. वडिलांबरोबर होडीनं जायचे, वारा पडला की मध्येच थांबायचं. "आम्ही दुबईला जातो म्हणायचो ते आता तुम्ही लंडनला जातो म्हणता तसं," ते म्हणाले. मग एक दिवस सहा अमिराती एक झाल्या. "आणि आम्ही, रास अल खैमा?" त्यांनी मुलांना विचारलं.

नातवानं भाषांतर करायच्या आतच अरबी कळणारी पोरं ओरडली, "मागून!"

"मागून," आजोबा मान डोलवत म्हणाले. "थोड्या महिन्यांनी. पण उशिरा आलेल्यालाही कॉफी गरमच मिळते."

माझ्या डोक्यात लख्ख झालं. मी नकाशा काढला. "इंग्लंडमध्येही असंच झालं. उत्तरेकडचं हे राज्य सगळ्यात शेवटी आलं. आत्याच्या भाच्यानं ते जोडलं, तेव्हा कुठे सगळे एक झाले. आणि सांगा, तुमच्या बाई कुठल्या?"

सगळ्या वर्गानं नकाशात उत्तरेकडे बोट दाखवलं. मुख्याध्यापिकेची परवानगी घेऊन मी मुलांना बाईंसाठी एक व्हॉइस मेसेज पाठवू दिला. सव्वीस जण एकदम: "मिस, यू आर रास अल खैमा!" उत्तर मधल्या सुट्टीत आलं. हॉस्पिटलच्या वॉर्डमधून त्यांचं ते मोठं हसणं, आणि मागे त्यांच्या आईचा आवाज, काय झालं गं, मलाही सांग.

मग असेंब्लीची तयारी. राजा व्हायला नऊ मुलं तयार होती, गुराख्याची बायको व्हायला कुणी नाही. शेवटी मी एका इजिप्तच्या मुलीला विचारलं. अभ्यासात हुशार, पण स्टेजवर आवाज पडायचा. ती हो म्हणाली, आणि तालमीत राजाला इतकी हळू रागावली की राजालाच तिची दया आली.

भाकरीसाठी मी खालांकडे गेले. "सहा भाकऱ्या हव्यात, जाळलेल्या."

खालांचे हात थांबले. "जालायच्या? मुद्दाम?"

"नाटकासाठी हो."

"अन्न मुद्दाम जालायचा माज्या हातान नाय व्हायचा, बाय. चांगल्या पन्नास मागशील तर देईन."

मी पुष्कळ समजावलं. त्या हलल्या नाहीत. शेवटी म्हणाल्या, "तू कर की. तुला जालायला सांगायला नको." आणि ते खरंच निघालं. मी ज्वारीची भाकरी थापणारी. तांदळाची थापायला गेले तर पहिली तव्यावर फाटली, दुसरी चिकटली, तिसरी उचलेपर्यंत कोळसा. जेवायच्या आधी सहाच्या सहा तयार होत्या, प्रामाणिकपणे जळलेल्या. लेक नाक दाबून खिडक्या उघडत होती आणि नवरा हसून हसून लाल झाला होता.

खालांना त्या मुलीचंही सांगितलं होतं. त्या म्हणाल्या, "इंग्लिशमध्ये रागवायला सांगितलास? आपल्या भाषेशिवाय कुनाला राग येतो काय?"

हे मी मुलीला दुसऱ्या दिवशी सांगितलं. "तुझी आई घरी कशी रागावते?" ती लाजली. मी म्हटलं, "तसंच रागाव. हवं त्या भाषेत."

असेंब्ली गुरुवारी सकाळी होती. हॉल भरलेला. खालाही आल्या, नवी साडी नेसून, मोठ्या डब्यात पन्नास चांगल्या भाकऱ्या घेऊन. नवऱ्यानं अर्धा दिवस रजा काढली होती. स्टेजवर राजा बाण नीट करत बसला, पुठ्ठ्याच्या चुलीवर माझ्या भाकऱ्या ठेवल्या होत्या. मुलगी आत आली. तिनं भाकरी उचलली, उलटीसुलटी पाहिली, प्रेक्षकांना दाखवली. मी पडद्याआडून बघत होते.

आणि ती सुटली. कैरोच्या अरबीत, एका हातात भाकरी, दुसरा कमरेवर, आवाज हॉलच्या शेवटच्या रांगेपर्यंत. मला त्यातलं शेवटचं तेवढं कळलं: "खलास! यल्ला, बर्रा!" बाहेर हो! इंग्लंडचा राजा खरोखरच घाबरून उठला आणि त्याचा मुकुट पडला. आधी अरब आया हसल्या, मग त्यांच्याकडे बघून बाकीचे, मग सगळा हॉल. तिसऱ्या रांगेत एक बाई दोन्ही हातांनी तोंड झाकून हसत होत्या आणि डोळे पुसत होत्या. ती तिची आई, हे मला न सांगता कळलं.

अत्तैनं गढ्या बांधल्या, भाच्यानं सातवं राज्य जोडलं, टाळ्या झाल्या. नंतर हॉलबाहेर खालांचा डबा उघडला. एका ब्रिटिश वडिलांनी भाकरीवर जॅम लावलं, खालांनी ते पाहिलं आणि त्यांना दुसरी भाकरी दिली. त्या इजिप्तच्या मुलीची आई माझ्याकडे आली. म्हणाली, "इंग्लिशमध्ये बोल, चांगलं बोल, असं मीच तिला रोज सांगते." मग तिनं मला मिठी मारली. मी तिला भाकरी दिली.

बाई सोमवारी परत आल्या. आईचा खुबा आता बरा होत होता, ती वॉकर घेऊन चार पावलं चालू लागली होती. त्यांनी असेंब्लीचा व्हिडिओ दोनदा पाहिला आणि मुख्याध्यापिकेकडे गेल्या. मी असिस्टंटच राहिले, पेन्सिली अजून मीच टोकदार करते, पण पाचवीच्या दोन्ही तुकड्यांचा इतिहास त्या टर्मपासून माझ्याकडे आला. नव्या टाइमटेबलवर विषयापुढे माझं नाव छापलेलं होतं. त्याचा फोटो काढून मी आईला पाठवला. तिचं उत्तर आलं: "छान. पण आपले राजे विसरू नकोस."

त्या संध्याकाळी जेवताना लेकीनं फोन बाजूला ठेवला आणि विचारलं, "सो, त्या भाच्यानं सगळं एक केलं. मग ते एकच राहिलं का?"

"कुठलं," मी म्हटलं, "तो गेल्याबरोबर उत्तरेकडचे पुन्हा फुटले."

"व्हॉट? मग?"

नवऱ्यानं आमटीचं भांडं माझ्याकडे सरकवलं आणि खुर्ची जरा मागे घेऊन तोही नीट बसला. मी सांगायला सुरुवात केली.